यमू खरी होती का?

वाचकाचा पहिला प्रश्न

‘पण लक्षात कोण घेतो?’ वाचून खाली ठेवलं की बहुतेकांच्या मनात एकच प्रश्न येतो: ही यमू खरी होती का? प्रश्न भाबडा वाटेल, पण तो पडण्याला कारण आहे. ही कादंबरी एका बाईने स्वतःच्या तोंडाने सांगितलेली हकिगत म्हणून समोर येते. माहेरचं घर, वडिलांचा धाक, आईचं मुकाट सोसणं, तिचा मृत्यू आणि पाठोपाठ घरात आलेली कोवळ्या वयाची सावत्र आई. मग सासर, नवऱ्याने शिकवलेली अक्षरं, मुंबईतल्या बिऱ्हाडातले थोडे सुखाचे दिवस, नवऱ्याचं, रघुनाथरावांचं, अकाली जाणं आणि शेवटी सासरी जबरदस्तीने झालेलं केशवपन. हे सगळं ‘मी’ म्हणून सांगितलेलं असल्यामुळे हरि नारायण आपटे नावाचा लेखक आपल्या नजरेआड होतो आणि आपण एका बाईचं ऐकत बसतो. ऐकणाऱ्याला ‘हे खरंच घडलं का हो?’ असं विचारावंसं वाटणारच.

हा प्रश्न मराठी वाचकालाच पडतो असं नाही. फ्लोबेरची ‘मादाम बोवारी’ १८५७ मध्ये पुस्तकरूपाने आली, तेव्हापासून फ्रान्समधले वाचक तिच्या नायिकेचा, खऱ्या एमाचा, शोध घेत आहेत. नॉर्मंडीतल्या री या गावच्या एका वैद्याची बायको, देल्फिन देलामार, १८४८ मध्ये ऐन तारुण्यात वारली. ही तिचीच गोष्ट, असं आजही सांगितलं जातं. खुद्द फ्लोबेरने मात्र एका वाचक बाईला पत्रातून कळवलं होतं, की यातलं काहीच घडलेलं नाही. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. एखादी हकिगत लेखकाच्या कानावर आलेली असते, पण तेवढ्यावर कादंबरी उभी राहत नाही. यमूच्या बाबतीत तर एका बाईचा माग काढण्यात फारसा अर्थ नाही. त्याऐवजी तीन गोष्टी पाहायला हव्यात: विधवेला त्या काळी कायद्याने काय मिळत होतं, १८९० ते १८९३ या तीन वर्षांत पुण्यात काय चाललं होतं, आणि हरिभाऊ कुठल्या घरात व कुठल्या मित्रमंडळीत वाढले. या तिन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या की एक गोष्ट ठळक दिसू लागते. विधवांची बाजू घेणारे हरिभाऊ पहिले नव्हेत. सभेत आणि वर्तमानपत्रात अडकून पडलेला वाद त्यांनी माजघरात नेला. आणि तिथे त्यांना जो खरा अपराधी सापडला, तो दुष्ट म्हाताऱ्यापेक्षा निराळा होता.

आनंदाश्रमाचा कारभारी

बुधवार पेठेत अप्पा बळवंत चौकाजवळ आनंदाश्रम ही संस्था आहे. शाळा-कॉलेजची पुस्तकं घ्यायला या चौकात सारं पुणं येतं, पण इथून जवळच मराठी कादंबरीचा एवढा मोठा माणूस काम करत होता, हे फार थोड्यांना माहीत असतं. महादेव चिमणाजी आपटे या मुंबईच्या हायकोर्टातल्या नामांकित वकिलांनी १८८८ मध्ये ही संस्था काढली. जुन्या संस्कृत पोथ्या जमवायच्या, जपायच्या आणि शुद्ध करून छापायच्या, हा तिचा हेतू. हरिभाऊ त्यांचे पुतणे. ८ मार्च १८६४ रोजी खानदेशातल्या पारोळ्याला त्यांचा जन्म झाला. वडील टपाल खात्यात होते, आई लहानपणीच गेली, आणि पुढचं पालनपोषण काकांच्या आधाराने आधी मुंबईत, मग पुण्यात झालं. काकांनी उभ्या केलेल्या आनंदाश्रमाचा कारभार पुतण्याने आयुष्यभर पाहिला.

शिक्षणाची कहाणी अर्धीच राहिली. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक, आगरकर यांच्या न्यू इंग्लिश स्कूलचा हा विद्यार्थी. १८८२ मध्ये विष्णुशास्त्री वारले तेव्हा त्याने ‘शिष्यजनविलाप’ नावाचं काव्य लिहिलं. आगरकरांनी ‘हॅम्लेट’चं ‘विकारविलसित’ केलं तेव्हा आपल्याच गुरूच्या त्या भाषांतरावर प्रदीर्घ टीकालेख लिहिला. कॉलेजात गणिताने दगा दिला आणि पदवी हातातून गेली. लग्न १८७९ मध्येच, पंधराव्या वर्षी झालेलं. म्हणजे विशीतल्या हरिभाऊंकडे पदवी नव्हती, सरकारी नोकरी नव्हती. अफाट वाचन होतं, एकत्र कुटुंबातलं घर होतं आणि आनंदाश्रमातल्या पोथ्या होत्या.

या पोथ्यांकडे जरा थांबून पाहायला हवं. आनंदाश्रमाच्या संस्कृत ग्रंथावलीत पुढे याज्ञवल्क्यस्मृती अपरार्काच्या टीकेसह निघाली, आणि १९०५ मध्ये ‘स्मृतीनां समुच्चयः’ या नावाने अनेक स्मृती एकत्र छापल्या गेल्या. विधवेने कसं राहावं, काय खावं, कुठे निजावं, याचे नियम ज्या ग्रंथांतून काढले जात, त्याच प्रकारचे ग्रंथ छापणाऱ्या संस्थेचा कारभारी यमूची हकिगत लिहीत होता. यात दुटप्पीपणा शोधायचं कारण नाही. हरिभाऊंना परंपरेचा तिटकारा नव्हता. परंपरेचे कागद ते स्वतः जपत होते. म्हणूनच त्यांच्या कादंबरीत शास्त्राला शिव्या नाहीत. शास्त्राचं नाव घेऊन घरात काय केलं जातं, एवढंच त्यांनी दाखवलं. घराबाहेरच्या माणसाला असं लिहिणं जमलं नसतं.

पॅरिस, लंडन, पुणे

आता कादंबरीच्या रूपाकडे येऊ, कारण ते समजल्याशिवाय पुढचं नीट उलगडणार नाही. ‘पण लक्षात कोण घेतो?’ आधी पुस्तक म्हणून लिहिली गेली नाही. १८९० च्या अखेरीस हरिभाऊंनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केलं आणि त्यात ही कादंबरी थोडी थोडी येऊ लागली; नोव्हेंबर १८९० मध्ये सुरू झालेली गोष्ट ऑक्टोबर १८९३ मध्ये संपली. आज संध्याकाळी घरोघर मालिका लागते आणि पुढे काय होणार याची चर्चा दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात होते, तसाच हा प्रकार. फरक एवढाच, की इथे आठवडाभर वाट पाहावी लागे.

गोष्ट तुकड्यातुकड्यांनी छापायची ही रीत फ्रान्समधून पसरली. १८४२-४३ मध्ये पॅरिसच्या ‘जुर्नाल दे देबा’ या दैनिकात युजेन स्यू याची ‘पॅरिसची रहस्यं’ ही कादंबरी रोजच्या रोज येत होती. शहराच्या गल्लीबोळांतले चोर, गुन्हेगार, फसलेल्या मुली, गरीब कारागीर यांच्या त्या गोष्टीने सारं पॅरिस झपाटलं. वाचक स्यूला पत्रं पाठवू लागले, आपली दुःखं सांगू लागले. त्या पत्रांनी कादंबरीचा रोख बदलत गेला आणि बड्या घरांत वावरणारा लेखकही बदलला. १८५० मध्ये तो समाजवादी म्हणून फ्रान्सच्या विधिमंडळावर निवडून गेला. स्यूची नक्कल करून लंडनमध्ये रेनॉल्ड्सने १८४४ पासून लंडनची रहस्यं लिहायला घेतली. रेनॉल्ड्सच्या कादंबऱ्या हिंदुस्थानात अतोनात वाचल्या गेल्या, आणि त्यांतल्याच एकीचा आधार घेऊन हरिभाऊंनी आपली पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’ १८८५ मध्ये ‘पुणे वैभव’ या पत्रातून लिहिली. पॅरिसचा धागा असा लंडनमार्गे पुण्यात आला. फ्रेंच साहित्याशी हरिभाऊंचं नातं एवढ्यावर थांबलं नाही: मोलिएरच्या नाटकावरून त्यांनी ‘मारून मुटकून वैद्यबुवा’ केलं, ते आजही नावाने अनेकांना ठाऊक असतं.

पण ‘मधली स्थिती’ आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ यांत मोठं अंतर आहे. रहस्यकादंबरी वाचकाला अंधाऱ्या गल्लीत नेते, जिथे तो स्वतः कधी जाणार नाही. हरिभाऊंनी १८९० मध्ये ओळखलं, की मराठी वाचकाला सर्वांत अनोळखी जागा त्याच्या घरातच आहे. ओटीवर बसणाऱ्या पुरुषाला माजघरात दुपारी काय बोललं जातं, हे माहीत नसे. त्याआधीची मराठी कादंबरी ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ यांच्या वळणाने राजपुत्र, राजकन्या आणि अद्भुत योगायोग यांत रमलेली होती. हरिभाऊंनी आपल्या सामाजिक कादंबऱ्यांना नावच ‘आजकालच्या गोष्टी’ असं दिलं. रहस्य तेच ठेवलं, जागा बदलली.

कायदा होता, मग अडलं कुठे?

यमूविषयी दुसरा नेहमीचा प्रश्न असा: विधवाविवाहाचा कायदा तर १८५६ मध्येच झाला होता, मग तिने पुन्हा लग्न का केलं नाही? किमान वेगळं का राहिली नाही? याचं उत्तर मिळवायचं तर कायदा नेमकं काय देत होता आणि काय काढून घेत होता, हे पाहायला हवं.

ईश्वरचंद्र विद्यासागरांनी पराशरस्मृतीचा आधार दाखवून विधवाविवाह शास्त्रसंमत असल्याचं मांडलं आणि १८५६ मध्ये कायदा झाला. त्याने विधवेचं लग्न आणि त्या लग्नाची मुलं वैध ठरवली. पण त्याच कायद्यात आणखी एक कलम होतं: पुन्हा लग्न करणारी विधवा पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क गमावते. आता यमूसारख्या बाईचा हिशोब मांडून पाहू. नवरा एकत्र कुटुंबातला, वाटणी झालेली नाही. अशा नवऱ्यामागे विधवेला मिळकतीत वाटा मिळत नसे. मिळे ते फक्त अन्नवस्त्र, आणि तेही त्या घरात, त्या घराच्या मर्जीने. वाट्याचा हक्क मिळायला १९३७ चा कायदा उजाडावा लागला. लग्न केलं तर अन्नवस्त्रही गेलं आणि दोन्ही घरांची दारं बंद झाली. लग्न न करता वेगळं राहायचं तर कमाईचं साधन हवं. आणि ज्या मुलीचं शिक्षण नवऱ्याने रात्री दिव्याखाली जेवढं करून घेतलं तेवढंच, तिला कमाई कुठली? म्हणजे कायद्याने दार उघडलं होतं, पण त्या दारापर्यंत चालत जायला लागणाऱ्या तीनही गोष्टी, पैसा, शिक्षण आणि पाठीशी उभा राहणारा पुरुष, विधवेकडे नव्हत्या. यमूच्या सासरच्या शंकरमामंजींसारख्या माणसाची ताकद त्याच्या क्रूरपणात नाही. भाकरी त्या घरात आहे, यात त्याची ताकद आहे.

केशवपनही याच हिशोबात बसतं. केस काढलेली, लाल आलवणातली बाई कुणाच्या नजरेत येणार नाही, पळून जाणार नाही, पुन्हा लग्न तर मुळीच करणार नाही, असा घराचा अंदाज असे. परसात एक पाट मांडायचा, न्हाव्याला बोलवायचं, काम झालं की त्याला पैसे द्यायचे आणि बाईला न्हाऊ घालायचं. सारं एका तासाचं काम. हरिभाऊंनी या एका तासाला कादंबरीचं शिखर केलं, आणि तिथे बाई संमती देते की नाही, हाच प्रश्न उभा केला. धर्म म्हणून स्वतः केस उतरवणाऱ्या बायका होत्या. यमूच्या बाबतीत जबरदस्ती होते. जबरदस्ती हा शब्द एकदा लागला, की शास्त्रार्थ करायला जागाच उरत नाही.

कादंबरी सुरू झाली त्याच वर्षी, १८९० मध्ये, मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी सभा भरवून विधवांचं केशवपन न करण्याचा निर्धार केला होता. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनीच तो खाली ठेवायचं ठरवलं. कादंबरीत न्हावी केवळ बोलावलेला माणूस आहे. बाहेरच्या जगात तो मत असलेला माणूस झाला होता. हरिभाऊंच्या चौकटीत जे आलं नाही, त्याचं हे एक उदाहरण, आणि ते ध्यानात ठेवलेलं बरं.

त्या तीन वर्षांतलं पुणे

विधवांचा प्रश्न पुण्याला नवा नव्हता. बुधवार पेठेतल्याच भिडे वाड्यात १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली. १८६३ मध्ये फसलेल्या विधवांसाठी त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. १८५७ मध्ये बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी विधवांच्या दुःखावरच आली होती, तिची नायिकाही यमुनाच, पण ती ख्रिस्ती होऊन पुन्हा संसार थाटते. १८७० मध्ये विधवाविवाहावर पुण्यात शंकराचार्यांच्या पुढाकाराने मोठा वादविवाद झाला आणि निकाल सुधारकांच्या विरोधात गेला. १८८२ मध्ये ताराबाई शिंद्यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली. त्यातला संताप आजही अंगावर येतो. त्याच वर्षी पंडिता रमाबाई पुण्यात आल्या.

पण १८९० च्या अखेरीला पुण्याची हवा जेवढी तापली तेवढी क्वचित तापली असेल. १४ ऑक्टोबरला पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये रानडे, टिळक, गोखले आणि इतर प्रतिष्ठित मंडळी जमली होती. तिथे चहा घेतल्याचं प्रकरण गाजलं, शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि पुढे रानड्यांना प्रायश्चित्त घ्यावं लागलं. चहाचा एक पेला कुटुंबाला जातीबाहेर काढू शकत होता, तिथे विधवेचं लग्न केवढी मोठी गोष्ट होती, याचा अंदाज यावरून येतो. त्याच सुमारास, नोव्हेंबर १८९० मध्ये, पंडिता रमाबाईंचं शारदा सदन मुंबईहून पुण्यात आलं. विधवांना आणि मुलींना राहून शिकता येईल अशी ही जागा. मार्च १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला. संमतिवय म्हणजे, नवऱ्यालाही ज्या वयाआधी बायकोशी शरीरसंबंध ठेवता येणार नाही ते वय; १८६० च्या दंडसंहितेत ते दहा होतं, आता बारा झालं. टिळकांनी ‘केसरी’तून विरोध केला; परक्या सरकारने आमच्या घरात कायदा करू नये, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. आगरकरांचा ‘सुधारक’ १८८८ पासून निघत होताच, आणि तो दुसऱ्या टोकाला होता.

या वादाचा आणि ‘करमणूक’च्या वाचकाचा संबंध कसा होता, ते एका साध्या हिशोबाने पाहू. नोव्हेंबर १८९० मध्ये एखाद्या घरात नऊ वर्षांची लग्न झालेली मुलगी आहे असं समजू. घरात ‘केसरी’ येतो, ‘करमणूक’ही येतं. कादंबरी सुरू होते तेव्हा ती जुन्या कायद्यानुसारही लहान आहे. मार्चमध्ये कायदा बदलतो आणि घरात त्यावर वाद होतो. ऑक्टोबर १८९३ मध्ये यमूची गोष्ट संपते, तेव्हा ती मुलगी बारा वर्षांची होऊन नुकती नव्या कायद्याच्या मर्यादेपाशी पोचलेली आहे. त्या तीन वर्षांत, जवळजवळ दीडशे आठवडे, यमूही त्या घरात वाढत होती. ‘सुधारक’मधला लेख एका बैठकीत वाचून संपतो आणि पटला नाही तर बाजूला पडतो. यमू मात्र पुढच्या अंकात पुन्हा येते. तिच्याशी वाद घालता येत नाही, कारण ती वाद घालतच नाही. ती घरातलं सांगते. हरिभाऊंचं खरं यश मला इथे दिसतं.

ही सुधारकांची प्रचारकादंबरी आहे, हा आक्षेप जुना आहे आणि त्यात थोडं तथ्यही आहे. चांगली माणसं फारच चांगली आणि शंकरमामंजी सर्व बाजूंनी वाईट, असं काही ठिकाणी होतं. तरीही प्रचाराच्या पुस्तकात लेखकाची बाजू जिंकते. इथे लेखकाची बाजू हरते. रघुनाथराव शिकलेले आहेत, त्यांना सगळं पटलेलं आहे, बायकोवर त्यांची माया आहे. ते गेल्यावर मागे त्या समजुतीचा यमूला कवडीचा उपयोग होत नाही. यमूचा भाऊ, तिचा दादा, तोही समजूतदार. पण समजणाऱ्या पुरुषांपैकी एकाच्याही हातात निर्णयाच्या वेळी घर नाही.

त्या काळच्या पुण्यातला सर्वांना माहीत असलेला दाखला न्यायमूर्ती रानड्यांचा आहे. विधवाविवाहाचा जाहीर पुरस्कार करणाऱ्या रानड्यांची पहिली पत्नी १८७३ मध्ये वारली. तेव्हा ते एकतीस वर्षांचे होते. वडिलांच्या आग्रहापुढे नमतं घेऊन त्यांनी अकरा वर्षांच्या रमाबाईंशी लग्न केलं. या रमाबाई पुढे केवढ्या मोठ्या झाल्या, हे आपण जाणतो. पण त्या दिवशी महाराष्ट्रातल्या सर्वांत विचारी माणसाला घराने हरवलं होतं. हरिभाऊंच्या पिढीने हे पाहिलं होतं. त्यांच्या कादंबरीत सर्वांत जास्त दुखवतो तो हाच माणूस: ज्याला कळतं, आणि ज्याच्याने होत नाही.

पुरुषाला हे कसं कळलं?

मग सव्वीस वर्षांच्या पुरुषाला बाईच्या मनातलं एवढं बारीकसारीक कुठून कळलं? एक उत्तर एकत्र कुटुंब. दुसरं उत्तर काशीबाई कानिटकर. काशीबाई लग्नानंतर, घरातल्या बायकांची बोलणी सोसत वाचायला-लिहायला शिकल्या आणि पुढे मराठीतल्या आरंभीच्या लेखिकांपैकी एक झाल्या. त्यांनी लिहिलेलं डॉ. आनंदीबाई जोशी यांचं चरित्र १८८९ मध्ये निघालं. त्यांचे पती गोविंदराव हरिभाऊंचे मित्र आणि ‘मनोरंजन आणि निबंधचंद्रिका’ या मासिकातले सहकारी. काशीबाई आणि हरिभाऊ यांचा लेखनाविषयीचा पत्रव्यवहार वर्षानुवर्षं चालला. परपुरुषाशी चार शब्द बोलणं ज्या काळात बाईला महाग पडे, त्या काळातलं हे नातं आहे. यमूच्या आवाजामागे एका वाचणाऱ्या, लिहिणाऱ्या, सासुरवास भोगलेल्या बाईची सोबत होती, हे विसरून चालणार नाही.

तरी आक्षेप उरतोच: बायका स्वतः लिहीत असताना पुरुषाने त्यांच्या तोंडून का बोलावं? ताराबाई शिंदे आणि पंडिता रमाबाई यांची पुस्तकं आधीच निघालेली होती. याला प्रामाणिक उत्तर असं, की समाजाने ताराबाईंचं ऐकलं नाही आणि हरिभाऊंचं ऐकलं, यात समाजाचा दोष आहेच. पण म्हणून हरिभाऊंनी लिहिलेलं खोटं ठरत नाही. ते तपासून पाहायला साधन आहे. त्याच पिढीतल्या बायकांनी पुढे आपल्या आठवणी लिहिल्या: रमाबाई रानड्यांचं पुस्तक १९१० मध्ये आलं, पार्वतीबाई आठवल्यांची ‘माझी कहाणी’ १९२८ मध्ये, आनंदीबाई कर्व्यांचं ‘माझे पुराण’ १९४४ मध्ये. शिकणाऱ्या सुनेला घरातल्याच बायकांनी दिलेला त्रास, नवऱ्याची घरच्यांपुढे होणारी ओढाताण, विधवेचं घरातलं सतत राबणं, हे सारं तिथे वेगवेगळ्या हातांनी पुन्हा लिहिलेलं सापडतं. कादंबरी आधी आली आणि साक्षी नंतर झाल्या. यमू खरी होती का, या प्रश्नाचं सर्वांत भक्कम उत्तर या तीन पुस्तकांत आहे.

एका बाबतीत मात्र आक्षेप मान्य करावा लागतो. यमूचं घर ब्राह्मणाचं आहे आणि कादंबरी त्या घराबाहेर फारशी डोकावत नाही. त्याआधीच्याच दशकात, न कळत्या वयात लावलेलं लग्न नाकारून कोर्टात उभी राहिलेली रखमाबाई सुतार जातीची होती. १८८७ मध्ये कोर्टाने तिला नवऱ्याकडे जा किंवा तुरुंगात जा असं सांगितलं, आणि शेवटी तडजोड होऊन ती डॉक्टर झाली. लोखंडे, फुले, रखमाबाई यांचं जग या कादंबरीत नाही. हरिभाऊंनी जे घर आतून पाहिलं तेच लिहिलं.

यमूला मरायलाच हवं होतं का?

कादंबरीचा शेवट यमूच्या मृत्यूने होतो. आजच्या वाचकाला तो पटत नाही, आणि त्याची तक्रार रास्त आहे. कारण ज्या वर्षी ही गोष्ट संपली त्याच वर्षी, ११ मार्च १८९३ रोजी, पुण्यात फर्ग्युसन कॉलेजातले गणिताचे प्राध्यापक धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाई (पुढच्या आनंदीबाई कर्वे) या विधवेशी लग्न केलं. गोदूबाई आठव्या वर्षी विधवा झालेल्या, शारदा सदनातल्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी. यमूला न मिळालेलं सगळं त्यांना मिळालं: शिकण्याची जागा, पाठीशी उभा राहिलेला भाऊ, आणि बोललं तसं वागणारा पुरुष. पार्वतीबाई आठवले या त्यांच्या बहीण; त्याही विधवा, त्यांनी पुढे स्वतः ठरवून केस पुन्हा वाढवले आणि कर्व्यांच्या संस्थेसाठी परदेशापर्यंत फिरून पैसा उभा केला. खऱ्या यमू जगत होत्या, कामं करत होत्या. मग हरिभाऊंनी आपल्या यमूला का मारलं?

दया उत्पन्न करण्यासाठी, हे सोपं उत्तर आहे आणि ते थोडंफार बरोबरही आहे. पण १८९३ मध्येच शारदा सदनाचं काय झालं ते पाहा. तिथल्या मुली ख्रिस्ती होत असल्याची हाकाटी उठली, पालकांनी धडाधड मुली काढून नेल्या, रानडे-भांडारकरांसारखे हितचिंतकही सल्लागार म्हणून दूर झाले. बाईला घराबाहेर उभं राहायला पुण्यात जी एक जागा होती, तीही त्या वर्षी डळमळली. कर्व्यांचं लग्न हा अपवाद होता आणि त्याबद्दल त्यांच्या मुरूड गावाने त्यांना वाळीत टाकलं. यमूला सुखी शेवट दिला असता, तर वाचकाने तिला नशीबवान मानून पुस्तक मिटलं असतं. घर तसंच राहिलं असतं.

तरीही प्रश्न हरिभाऊंच्या मनातून गेला नसावा, असं मानायला जागा आहे. यमूची गोष्ट संपली त्याच वर्षी ‘करमणूक’मधून त्यांची पुढची कादंबरी ‘मी’ सुरू झाली आणि ती १८९५ पर्यंत चालली. तीही आत्मकथनच, पण या वेळी बोलणारा पुरुष आहे. भावानंद हा तिचा नायक संसार बाजूला ठेवून सारं आयुष्य लोकांच्या कामाला देतो. यमूच्या गोष्टीतले रघुनाथराव आणि दादा ज्या ठिकाणी अडले, तिथूनच हा माणूस चालायला लागतो. गोखल्यांनी भारत सेवक समाज काढला तो १९०५ मध्ये. गोखले हरिभाऊंचे मित्र, आणि भावानंदाची कल्पना त्याआधी दहा वर्षं बुधवार पेठेतल्या या कारभाऱ्याने कागदावर उतरवून ठेवली होती.